मिशीवाल्याला दोन गुण

त्या वर्षीच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाला सासूबाईंनी दहापैकी दोन गुण दिले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

सिनेमांना गुण द्यायची टूम माझ्या नवऱ्याची. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो. त्यावर चार रकाने. नवरा, मी, सासूबाई आणि दुसऱ्या गावी राहणारी माझी नणंद, जी फोनवरून गुण कळवते. आठवडाभरात जे पाहिलं असेल त्याला गुण द्यायचे आणि रविवारी दुपारच्या चहाला त्यावर भांडायचं. वर्षाच्या शेवटी टीव्हीवर खरे पुरस्कार जाहीर झाले की कोणाचे अंदाज बरोबर आले ते बघायचं.

"आई, अगं दोन?" नवरा कागदापुढे उभा राहून म्हणाला. "सगळी दुनिया रडली तो सिनेमा बघून."

"रडू दे. मिशा केवढ्या त्या! माणसाचं तोंडच दिसत नाही."

"म्हणजे मिशांचे आठ गुण कापलेस?"

"मग! नुसत्या भुवयांनी अभिनय करतात होय?"

व्हिडिओ कॉलवर नणंद खो खो हसत होती. आईंना साधा फोन चालत नाही. लेकीचं तोंड दिसलं पाहिजे म्हणे. "आई, तुला ज्युरीत घ्यायला पाहिजे," ती म्हणाली. "अर्ध्या नटांची दाढी करून टाकशील."

सगळे हसले. मी कागद वाचत राहिले. मी ज्याला नऊ दिले होते, त्या आपल्या भाषेत आवाज भरलेल्या परदेशी सिनेमाला आईंनी एक दिला होता. का, तर म्हणे "त्यात कोणी धड बोलतच नाही." आता त्या सिनेमात सहा माणसं एका टेबलाभोवती बसून सव्वादोन तास बोलण्यापलीकडे काही करत नाहीत. ज्याने तो पाहिला आहे, तो असं म्हणेल का?

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या नळीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय मी ती पुढे सरकवत नाही. ही सवय घरी आल्यावर काढून ठेवता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी माझी रजा संपली आणि आमच्या दहा महिन्यांच्या टिल्लीला सांभाळायला आई आपलं घर बंद करून आमच्याकडे आल्या. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच टिल्ली त्यांच्या हातात. दुपारी ती झोपली की आपण सिनेमा बघतो, असं त्याच सांगत. मग ज्या बाईला सिनेमात माणसं बोलतात की नाही हेही ठाऊक नाही, ती दुपारभर करते काय? झोपत असली पाहिजे. आणि ती झोपत असेल तर माझी पोर जागी झाल्यावर बघतं कोण?

सोमवारी निघताना मी टिल्लीच्या चाकांच्या पलंगाखाली, चारही चाकांपाशी फरशीवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या. संध्याकाळी आले तेव्हा पलंग खुणांपासून चार बोटं सरकलेला होता. म्हणजे दिवसा तो कुठेतरी नेला जात होता आणि मी यायच्या आत परत जागेवर आणला जात होता. वाकून पाहिलं तर फरशीवर चाकांचा पुसट माग. बाहेरच्या खोलीत, थेट टीव्हीच्या बाजूपर्यंत.

टिल्लीला पडदा दाखवायचा नाही, हे मी आईंना पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं.

"तू फरशीवर पेन्सिल मारलीस?" नवऱ्याला सगळ्यात एवढंच ऐकू आलं. "माझ्या आईवर?"

"फरशीवर मारली. तुझ्या आईवर नाही."

"अगं, पोछा मारायला सरकवला असेल. तुला ना, लॅबमध्ये जंतू दिसतात तसे घरात पण दिसायला लागलेत."

 पण मी माझी तपासणी सोडली नाही. त्या आठवड्यात आईंनी पोलिसांचा एक सिनेमा पाहिल्याचं सांगितलं आणि त्याला सात गुण लिहिले. मी दोन दिवस जाता-येता बसमध्ये फोनवर तो सिनेमा बघून काढला. त्यात पोलीस खुन्याला ओळखतो तो शिट्टीवरून. सुरुवातीला जिन्यात ऐकलेली शिट्टी शेवटी एका लग्नात त्याच्या पाठीमागून वाजते. सगळा सिनेमा त्या शिट्टीवर उभा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी आई भेंडी चिरत होत्या. मी समोर बसून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, त्या पोलिसाला शेवटी कळलं कसं हो, खुनी कोण ते?"

"कळायला काय? चेहऱ्यावरच दिसत होतं त्याच्या. मला तर पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं."

"नाही, पण पोलिसाला कसं कळलं?"

आईंनी सुरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर डोळ्यांवर नसते, जरा खाली असते. मला ती नेहमी चुकवाचुकवी वाटायची. "त्यालाही चेहऱ्यावरूनच कळलं असेल," त्या म्हणाल्या. "पोलीस आहे तो. एवढं तरी यायला नको?"

शिट्टीचं नावसुद्धा नाही. म्हणजे शेवट पाहिलेलाच नाही. मी उठून टिल्लीला उचललं आणि उगीचच तिच्या डोक्यावरून हात फिरवून कुठे टेंगूळ आहे का बघितलं. नव्हतं. नसल्याचाही मला संशय आला. पोर एवढी ठणठणीत कशी?

रविवारी संध्याकाळी सहाला पुरस्कारांचा कार्यक्रम होता. नवऱ्याने फ्रिजवरचा कागद काढून टीपॉयवर ठेवला, नणंदेला व्हिडिओ कॉल लावून माझा फोन फुलदाणीला टेकवला. टिल्ली आतल्या खोलीत झोपली होती. मी मुद्दाम आईंच्या बाजूच्या खुर्चीवर बसले. टीव्ही पाहायला नव्हे. आईंना पाहायला.

सूत्रसंचालक तोंडाशी माइक धरून विनोद करत होता. नवरा हसायचा, फोनमधली नणंद हसायची, आणि मग आई. दर वेळी एक क्षण उशिरा. आधी त्या मान वळवून लेकाच्या तोंडाकडे बघत आणि मग हसत. पाच विनोद झाले, पाचही वेळा तसंच. कोणीतरी दिवंगत दिग्दर्शकाबद्दल माइकआडून बोलताना गहिवरला. नवऱ्याला नेमकं त्याच्या फोनवर आलेल्या कुठल्याशा चित्रावरून हसू आलं, आणि आईही हसल्या.

 आता मला वेगळीच भीती वाटायला लागली. विसरायला लागल्या आहेत का या? डोक्यातलं काही निसटतंय का?

सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून मिशीवाल्याचं नाव आलं. "गेले तुझे दोन गुण!" नणंद ओरडली. मिशीवाला व्यासपीठावर आला. पुढच्या सिनेमासाठी त्याने मिशी सफाचट काढली होती. तो बोलायला लागला, आणि आई एकदम पुढे सरकून बसल्या. त्याचं भाषण संपायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. या वेळी त्यांनी कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

"आईच्या कपाटातल्या वासाबद्दल किती छान बोलला," त्या म्हणाल्या. "मिशी काढल्यावर कसा माणसात आला बघ."

माझ्या डोक्यात सगळे रकाने एका ओळीत आले. मिशा. आवाज भरलेला सिनेमा, ज्यात ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. पाठीमागून वाजलेली शिट्टी. माझ्या डोळ्यांच्या जरा खाली टेकलेली नजर. मी घरी यायचे तेव्हा टीव्हीचा आवाज नेहमी जवळजवळ बंद असायचा आणि मला वाटायचं, किती काळजी घेतात.

मी उठले. पाणी आणायच्या निमित्ताने आईंच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आई, टिल्ली रडतेय."

आई टीव्ही बघत राहिल्या.

"आई, टिल्ली रडतेय."

नवऱ्याने चमकून मागे पाहिलं. टिल्ली रडत नव्हती. मग त्याने आईकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून आईंनी मान वळवली. मी त्यांच्या मागे उभी. माझा हात खुर्चीच्या पाठीवर. मी काय केलं ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"आई, मी नंतर करते फोन," नणंद म्हणाली आणि कॉल बंद झाला. नवऱ्याने टीव्ही बंद केला.

"तुला ऐकू येत नाही?" त्याने विचारलं.

"येतं की. दार आपटलं की येतं. कुकरची शिट्टी जवळ असले तर येते."

"आणि टिल्ली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, पण आता त्याचा काय उपयोग!

आई मांडीवरचा पदर नीट करत राहिल्या. त्यांनी सव्वीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली हे मला माहीत होतं. त्या शेडमध्ये काय व्हायचं ते मी कधी विचारलं नव्हतं.

"चाळीस माग एकदम चालायचे," त्या म्हणाल्या. "कानाशी येऊन ओरडलं तरी कळायचं नाही. आम्ही बायका ओठांवरच बोलायचो. या टोकाची त्या टोकाचीला सासूची गाऱ्हाणी सांगायची आणि मधल्या मुकादमाला पत्ता नाही. कान गेले कधी, ते मलाही कळलं नाही. तोंड दिसलं की चालायचं सगळं."

"पण सांगायचं ना, आई!"

"सांगितलं असतं तर माझ्याकडे ठेवली असतीस तिला?" हे त्यांनी मला विचारलं, लेकाला नाही.

 उत्तर त्यांना माझ्या तोंडावर वाचता येत असणार.

"म्हणून पलंग बाहेर आणते," त्या म्हणाल्या. "टीव्हीच्या बाजूला लावते. तिचं तोंड माझ्याकडे, पडद्याकडे नाही. रिकामं बसलं की दुपारचा डोळा लागतो. सिनेमा लावला की लागत नाही. समोर बघायचंच असतं, तर दोन्ही एकदम दिसतात. पडद्यावर खाली येणाऱ्या संवादाच्या ओळी वाचायला गेले की पोर नजरेआड होते, म्हणून त्या वाचत नाही. तिने हात हलवला की सिनेमा सोडते. म्हणून शेवट राहून जातात."

"बघ," नवरा मला म्हणाला. जणू खटला निकालात निघाला.

माझ्यासाठी निघाला नव्हता. त्या म्हणतात म्हणून मानायचं? दोन महिने त्या हसतही आमच्याकडे बघून होत्या.

सोमवारी मी रजा टाकली. दुपारी टिल्ली झोपल्यावर मीच पलंग ढकलत बाहेर आणला, टीव्हीच्या बाजूला लावला, मिशीवाल्याचा सिनेमा लावला आणि आवाज पार बंद केला. कानांत कापसाचे बोळे घातले आणि आईंच्या खुर्चीत बसले. त्या मागे जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत होत्या.

"परीक्षा?" त्यांनी विचारलं असावं. मी मान हलवली.

पहिली वीस मिनिटं मी एक डोळा पलंगावर ठेवून होते. मग मिशीवाला रेल्वे फाटकावर भावाला काहीतरी सांगायला लागला. मी तो प्रसंग आधी पाहिलेला, त्यावर रडलेलीसुद्धा. पण आता नुसत्या मिशा हलत होत्या, आणि मी त्यांच्यामागचे शब्द आठवायला गेले. काय म्हणाला होता तो? भाऊ का रागावला? मी पुढे वाकले.

माझ्या खांद्यावरून एक हात गेला. आई माझ्या बाजूने झपकन पुढे झाल्या होत्या. मी पलंगाकडे पाहिलं.

टिल्ली उभी होती. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, गुडघे लटपटत, तोंडभर लाळ आणि एकच दात दाखवत. आई तिच्या मागे हात पसरून, पण तिला न धरता उभ्या होत्या.

मी बोळे काढले. किती वेळ ती उभी होती, देव जाणे.

"पहिल्यांदाच!" मी म्हटलं, आणि मग आईंचा चेहरा पाहिला. त्यांना नवल वाटलं नव्हतं.

"आठ दिवस झाले," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, तुझ्यासमोर उभी राहील तेव्हा तेच पहिलं. म्हणून बोलले नाही."

मला भरून आलं. आणि त्याच वेळी मनात आलं, आणखी एक लपवलं.

संध्याकाळी नवऱ्याने एक पट्टा आणला. बाळ रडलं की तो मनगटावर थरथरतो. गुरुवारची कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आईंनी दोन्हींना नाक मुरडलं आणि दोन्हींना हो म्हटलं. मी फ्रिजवर कागद परत लावला आणि मिशीवाल्याला दिलेले माझे आठ खोडून पाच केले. भुवयांचे.

मंगळवारी सकाळी मी खाली बसथांब्यावर उभी राहिले. आमची खिडकी पहिल्या मजल्यावर, रस्त्यापलीकडे समोरच. आई टिल्लीला कडेवर घेऊन गजांशी उभ्या होत्या. मनगटावर तो पट्टा. मधे गाड्यांचा गोंगाट.

मी आवाज न काढता, ओठ मोठे करून विचारलं, "आई, खरंच आठ दिवसांपूर्वी उभी राहिली होती?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं. बरंच काहीतरी, भरभर, मधेच हसत, टिल्लीचा हात माझ्याकडे हलवत. मी डोळे ताणून बघत होते. मला त्यातला एकच शब्द वाचता आला, शेवटचा.

"जा."

बस आली होती. मी चढले, आणि खिडकी दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून बघत राहिले.