कॅल्शियमची बाटली

इंदिराबाई आयुष्यात एकच मोठं खोटं बोलल्या, आणि ते एका कॅल्शियमच्या बाटलीत भरून ठेवलं.

एकलहऱ्याच्या वसाहतीतल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली तरी मार्क कापायची. स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र रीत पाहिली नाही. स्वरदाला अकरावीत असताना पहिली फिट आली. गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या, पुढे पाच वर्षांत एकदाही आली नाही. मग पंचवटीतलं यज्ञेश्वर गुरुजींचं स्थळ सांगून आलं. मुलगा गौरांग बँकेत, माणसं साधी, गोड. इंदिराबाई लेकीला म्हणाल्या, "बरी झालीस की तू. उगाच कशाला विषय काढायचा?"

"गौरांगला तरी सांगू दे," स्वरदा म्हणाली.

"लग्न होऊ दे, मग सांग."

लग्न झालं, मग बाळ होऊ दे, मग सईचं बारसं होऊ दे. सांगायचं राहूनच गेलं.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणून दवाखान्यातही गोष्ट सासरच्यांपासून झाकली गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवून नीट सांगितलं होतं. गोळी थांबवायची नाही आणि दूधही तोडायचं नाही. या गोळीवर पाजलेलं चालतं. बाळ फार सुस्त वाटलं, नीट ओढेनासं झालं तर लगेच घेऊन या. पाजताना खाली गादीवर बसायचं, आंघोळीला आतून कडी लावायची नाही. आणि सासरी सांगून ठेवा, आसपास जाणतं माणूस हवं. इंदिराबाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचं तेवढं उतरवलं नाही.

त्यांचंही एक गणित होतं. पाजत्या बाईच्या हातात फिटची गोळी दिसली की पहिल्यांदा कोणीतरी म्हणणार, हे बाळाच्या पोटात जातंय, दूध बंद करा. दुसऱ्यांदा म्हणणार, आम्हाला फसवलंत. बाळंतिणीच्या कॅल्शियमला मात्र कोणी काही विचारत नाही. त्यांच्या स्वतःच्या गुडघेदुखीच्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटल्या घरात पडलेल्या होत्या. फिटची गोळीही तशीच, पांढरी आणि लांबट. दर महिन्याला त्या दार लावून बसायच्या, पाकिटातून साठ गोळ्या एकेक करून काढायच्या, एका बाटलीत भरायच्या आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर पंचवटीला नेऊन द्यायच्या. रिकामी पाकिटं बंबात.

आणि सासू निघाली आशाताई, औषधांच्या बाबतीत महाकाटेकोर. गुरुजींच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या सात वारांच्या सात कप्प्यांत भरणारी. सूनबाई रात्रभर जागी असते, विसरेल, म्हणून ती बाटलीही त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. सकाळ-रात्र शतावरी घातलेल्या दुधाचा पेला आणि एक गोळी, स्वतःच्या हाताने स्वरदाच्या हातावर. स्वरदाने फोनवर हसत सांगितलं, "आई, आता चुकायची सोयच राहिली नाही." त्या दिवशी इंदिराबाईंनी देवापुढे हात जोडले.

सई साडेचार महिन्यांची असताना एका सकाळी स्वरदा आंघोळीला गेली आणि बाथरूममध्ये पडली. कडी लावलेली नव्हती, आशाताई धावत आत गेल्या, पण डोक्याला नळाचा जबर मार बसला होता. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

इंदिराबाईंच्या मनात पहिला विचार फिटचाच आला. त्या गर्दीत, त्या रडारडीत त्यांनी आशाताईंच्या कानाशी लागून विचारलं, "गोळी घेत होती ना वेळेवर?"

"कॅल्शियम? एक दिवस चुकली नाही हो," आशाताई हुंदके देत म्हणाल्या.

म्हणजे फिट नव्हती, पाय घसरला. सांगायलाही लाज वाटावी, पण लेक समोर निजवलेली असताना इंदिराबाईंच्या जिवाला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं.

चौदाव्या दिवशी दुपारी त्या सईला बघायला पंचवटीला आल्या. गुरुजी यजमानांकडे गेलेले, गौरांग बँकेत. सई पाळण्यात झोपली होती. आशाताईंनी स्वरदाच्या वस्तू एका पिशवीत काढून ठेवल्या होत्या. दोन साड्या, घड्याळ, कॉलेजातला फोटो. पिशवीच्या तळाशी कॅल्शियमची बाटली.

"ही तुम्हीच न्या, इंदिराताई. तुमचे गुडघे दुखतात. जवळजवळ भरलेली आहे."

इंदिराबाईंनी बाटली हातात घेतली. लेबल नवं होतं, झाकण वेगळं होतं.

"ही आमची नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच. मी दर अमावास्येला घरातली सगळी औषधं काढून तारखा बघते. तुमची बाटली मागच्या अमावास्येला पहिल्यांदाच त्यात आली, तर तिची तारीख उलटून दोन वर्षं झालेली. मला कसंतरीच झालं, पाजत्या पोरीला आपण हे देतोय म्हणून. त्या गोळ्या घंटागाडीत टाकल्या आणि डॉक्टरांना विचारून ही चांगल्यातली आणली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तिलाही नाही. आठ दिवस घेतली बिचारीने."

आठ दिवस. इंदिराबाईंनी पाळण्याची दांडी धरली. गणित करायलाही काही उरलं नव्हतं. सोळा वेळा त्या पोरीने अर्धवट झोपेत सासूच्या हातची गोळी विश्वासाने गिळली होती, आणि सोळाही वेळा ते नुसतं कॅल्शियम होतं.

बाटली पिशवीत टाकावी आणि निघावं, हेही त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, मनात चांगलंच घोळलं. लेकीचं नाव स्वच्छ राहिलं असतं, आपलंही. मेलेल्या माणसाचा आजार उकरून कोणाचं भलं होणार होतं?

तेवढ्यात आशाताई भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुम्हाला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पहाटे मी बाथरूम घासलं होतं. साबणाची पावडर टाकून. धुतलं होतं नीट, पण राहिली असेल कुठे. गौरांग तोंडाने काही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. माझ्या हातचं जेवतो आणि उठून जातो. माझ्यामुळे गेली हो तुमची मुलगी. मला शिव्या द्या, पण गप्प बसू नका."

खरं सांगितलं तर साबणाचा दोष सुटेल आणि बाटलीचा लागेल. ज्या हाताने माया केली त्याच हाताने घात झाला, हे त्या बाईला जन्मभर कळत राहील. न सांगावं, तर मुलगा आईपासून कायमचा तुटेल, एका न केलेल्या चुकीसाठी. इंदिराबाई आशाताईंच्या समोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यांचं दुखणं कळलंही नाही.

"पाय घसरला नाही," त्या म्हणाल्या. "स्वरदाला फिट यायच्या. त्या बाटलीत कॅल्शियम नव्हतं. फिटच्या गोळ्या होत्या. मी भरायचे."

आशाताईंनी विचारलं ते भलतंच.

"पाजताना चालत होती ती गोळी?"

"हो. चालते म्हणाले होते डॉक्टर. घरात सांगून ठेवा, असंही म्हणाले होते."

"म्हणून ती गादीवर बसून पाजायची. मी म्हणायचे, खुर्ची आहे की." आशाताईंनी आपला उजवा तळहात उलटा करून पाहिला. "मला सांगितलं असतंत तर मी दिली असती की हो. ह्यांच्या देते, तशीच तिचीही दिली असती. सात कप्प्यांचा अजून एक डबा आणला असता. एवढंच तर होतं."

"चूक माझी आहे, आशाताई. तुमची काहीच नाही."

"ते तुम्ही म्हणाल. हात माझा होता."

इंदिराबाई रडल्या, तोंडात पदर कोंबून. चौदा दिवसांत त्या अशा रडल्या नव्हत्या. आशाताईंनी त्यांना जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेल्या नाहीत.

सई जागी झाली आणि भुकेने कुरकुरू लागली. आशाताईंनी पाणी उकळलं, डब्यातल्या चमच्याने दुधाची पावडर मोजून घातली, वाटी गार करायला ठेवली. मग कपाटातून सईचं लसीकरणाचं कार्ड आणि पेन घेऊन आल्या. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, आईला फिट येत असत.

"गोळीचं नाव सांगा," त्या म्हणाल्या. "पुढे कधी हिच्या डॉक्टरांनी विचारलं तर घरात माहीत हवं."

इंदिराबाईंनी नाव सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण त्या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आशाताईंना एका दमात कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, एकेक अक्षर लिहून घेतलं, खाली मात्रा किती तेही लिहिलं. मग सगळं वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना, म्हणून विचारलं.

"बरोबर आहे," इंदिराबाई म्हणाल्या.

आशाताईंनी सईला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं आणि वाटी-चमचा पुढे सरकवला.

"पाजा हिला. गौरांग सहाला येतो, तोवर जाऊ नका. त्याला तुम्हीच सांगायचंय."