लग्नाच्या जेवणाचा आकडा

मी एक जुनी पोथी आहे. देव्हाऱ्यातली नव्हे, कचेरीतली. माझ्या पानांवर अभंग नाहीत, आकडे आहेत. देशात जेवढे म्हणून धंदे आहेत, त्या प्रत्येकाला सरकारने पाच आकड्यांची खूण दिली आहे. भात भरडणाऱ्याची निराळी, टेंपो चालवणाऱ्याची निराळी, पूल बांधणाऱ्याची निराळी. त्या साऱ्या खुणा माझ्या पोटात आहेत. मित्रांनो, मुकी दिसते म्हणून मला गरीब समजू नका. मी एकदा सूड घेतला आहे, आणि तो सांगताना मला आजही गोड लागते.

छापखान्यातून निघाले ती मी थेट उद्योग कचेरीत, दशरथ भाऊसाहेबांच्या टेबलावर आले. माझ्या ओळी इंग्रजी होत्या. भाऊसाहेबांनी एकेका ओळीखाली शिसपेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला, आईने लेकराच्या कपाळी तीट लावावी तसा. मला पोथी हे नाव त्यांनीच दिले. खेड्यापाड्यांतून माणसे यायची आणि बिचकत विचारायची.

"भाऊसायेब, मी पापड लाटते. माजाबी आकडा हाय का?"

"आहे तर, विमलबाई! दिल्लीला तुमचे पापड ठाऊक आहेत."

विमलबाई पदर तोंडाला लावून हसली होती. ते माझे सुखाचे दिवस.

भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला दहिवलीच्या संजनाला दिले. तिने नुकतेच अर्ज भरून देण्याचे दुकान थाटले होते. संगणकात सगळे आकडे होते, तरी ती मला उघडी ठेवायची. म्हणायची, "ही मराठीत बोलते."

एका सकाळी विपुलशेठ आला. हा खालापूरकडचा ठेकेदार. त्याला एकाच दिवशी तीन कंपन्या नोंदवायच्या होत्या: एक स्वतःच्या नावाची, एक मेव्हण्याच्या, एक ड्रायव्हरच्या बायकोच्या.

"शेठ, धंदा कुठला लिहू?" संजनाने विचारले.

"लिव गं कायबी. पुस्तक उघडंच हाय ना? त्याच पानावरचा घाल."

"अहो, हे लग्नाच्या जेवणाचं पान आहे. मघाशी आचारी येऊन गेला."

"मंग बरोबरच हाय की! ठेका मिळाला म्हंजी आमचं जेवानच!" तो खो खो हसला. "आन् आकडा वाचतो कोन? तीनींना त्योच घाल, मला नेरळला जायचंय."

पाच, सहा, दोन, एक, शून्य. संजनाने तीनदा लिहिले. नवे दुकान, मोठे गिऱ्हाईक. शेठने वडापाव खाल्ला, माझी शेवटची आठ पाने टरकावली आणि हाताचे तेल पुसले. जाताना म्हणाला, "तुजं टेबल हलतंय बग, रद्दी लाव त्याला." आणि मला पायाने टेबलाखाली सारले.

मित्रांनो, माझी पाने फाटली त्याचे दुःख थोडे. 'आकडा वाचतो कोण' हे शब्द मात्र माझ्या अंगात काट्यासारखे रुतले. टेबलाच्या पायाखाली मी तीन वर्षे दबले, आणि तीन वर्षे एकच जप केला: कुणीतरी वाचा, कुणीतरी वाचा.

त्या तीन वर्षांत शेठने डोंगराखालच्या एका वाडीसाठी साकव बांधला आणि उद्घाटनाचा हार घालून घेतला. वाडी आणि शाळा यांच्या मध्ये वहाळ, म्हणजे ओढा, आणि वहाळावर हा लहानसा पूल. दुसऱ्याच पावसाळ्यात तो मधोमध खचला. वर सातवीतली समीक्षा होती. तिचा डावा पाय तेव्हापासून लंगडतो. तिची आई गोदा भाताच्या आवणीच्या वेळी बायकांत गाऊ लागली, आणि ती ओवी वाडीवाडीत गेली:

शेठानं बांधिला साकव, वाळू वहाळाची चोरून
लेक माझी गं लंगडते, तो गेला हार घेऊन

ओवीने शेठचे काही बिघडले नाही. नव्या साकवाची निविदा निघाली. तीन अर्ज आले, त्याच तीन कंपन्यांचे, आणि सर्वांत कमी भाव मेव्हण्याचा. वाडीने माहितीच्या अधिकारात अर्ज करून तिघांचे कागद मिळवले. हरकत घ्यायला सहा दिवस उरले असताना गोदा ते कागद छातीशी धरून संजनाच्या दारात उभी राहिली.

"बाय, ह्ये तिगं येगळं हायत म्हनतात. नाव येगळं, गाव येगळं. पन माजं मन म्हनतं, ह्यो त्योच हाय. तू बग. उद्या त्याच हातचा साकव पडला, तर कुनाची पोर जाईल?"

संजनाने कागद पाहिले. तिन्हींवर तेच पाच आकडे. तिचा चेहरा उतरला. ती खाली वाकली, टेबल उचलले आणि मला बाहेर काढले. तीन वर्षांनी उजेड पाहिला मी! तिने ते पान गोदासमोर धरले आणि शिसपेन्सिलीची ओळ वाचली: 'लग्नकार्यातले जेवण.'

गोदा थक्क झाली. "म्हंजी माज्या लेकीचा साकव आचाऱ्यानं बांदला?"

मग संजना संगणकासमोर बसली. आसपासच्या दोन तालुक्यांत झालेल्या सरकारी कामांची यादी काढली आणि एकेका ठेकेदाराचा आकडा तपासत गेली. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, समाजमंदिराचे छप्पर... जेवणाच्या आकड्याची आणखी दोन नावे निघाली. पाचही कागदांवर फोन मात्र एकच, विपुलशेठचा. मी टेबलावर उताणी पडून हे बघत होते आणि मनात म्हणत होते: वाच गं बाई, अजून वाच.

"पण गोदाताई," संजना हळूच म्हणाली, "ह्यांतल्या तीन कंपन्यांच्या नोंदणीचे अर्ज मीच भरलेत. बोलले तर माझ्या दुकानाची पाटी उतरेल."

"माज्या पोरीचा पाय ग्येला. तू पाटीचं काय घिऊन बसलीस?"

संजनाने कोरा कागद पुढे ओढला. हरकत तिनेच लिहिली.

सुनावणीला गोदाने मला पिशवीतून नेले. खुर्चीतल्या साहेबांनी पान पाहिले, कागद पाहिले आणि विचारले, "विपुलशेठ, तुम्ही किती पानांचा स्वयंपाक करता?"

मागच्या बाकावर हशा पिकला. शेठ लालबुंद झाला. "सायेब, ही फारम भरनारीची चूक हाय. आकडा चुकला, त्यात काय? ह्या दोगांशी माजा संबंध नाय."

संजना उठली. "चूक माझीच. तिन्ही कंपन्यांचे अर्ज मी भरले, एकाच सकाळी, एकाच पानावरून. तिन्ही वेळा शेठ माझ्या समोर बसून सांगत होते. बाकीच्या दोघांना मी कधी पाहिलंच नाही."

जिला शेठने मुकी समजले होते, ती आता बोलून त्याला पुरून उरली. निविदेचे तिन्ही अर्ज बाद झाले आणि पाचही नावे काळ्या यादीत गेली. शेठ माझ्याकडे बघत बाहेर पडला. मीही त्याच्याकडे बघितले, मित्रांनो. डोळे नाहीत मला, पण बघितले.

संजनाची काही गिऱ्हाइके तुटली. पाटी मात्र उतरली नाही. आता वाडीवाडीतल्या बायका तिच्याकडे ठेकेदारांची नावे घेऊन येतात आणि मी दिवसभर उघडी असते.

परवा नवा ठेकेदार वहाळावर आला. पहिली कुदळ पडायच्या आधी गोदा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या काखेत होते.

"दादा, आदी तुजा आकडा सांग."

"बेचाळीस एकशे एक," तो गोंधळून म्हणाला. "पूल-रस्त्यांचा."

गोदाने समीक्षाला मला दिले. पोरीने पान काढले, ओळीवर बोट ठेवले आणि मान हलवली. तेव्हा कुठे गोदा बाजूला झाली आणि म्हणाली, "मार कुदळ."

मित्रांनो, मला जपा, माझी पाने फाडू नका, असे मी विनवणार नाही. फाडा खुशाल. फक्त तुमच्या गावात कुणी काही बांधायला आला, तर त्याचा आकडा वाचा. तो माणूस तुम्हांला हसेल. हसू द्या. मी वाट बघायला शिकले आहे.