ताटातली जेली

आमच्या चिनी हॉटेलात एकच पदार्थ मिळतो: सूप भरलेले डंपलिंग. सूप आत कसं शिरतं, हे प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं. सोपं आहे. सासूबाई पहाटे पाचला येऊन हाडांचं सूप गाळतात, पातेलं फ्रिजमध्ये ठेवतात, दहापर्यंत त्याची घट्ट जेली होते. ती चिरून सारणात मिसळायची, पारीत बांधायची. वाफेवर पुन्हा सूप होतं. चाळीस वर्षं हेच चाललंय, आणि चाळीस वर्षांत त्यांनी दुकानाची किल्ली कुणाच्या हाती दिलेली नाही.

त्या दिवशी सूप ठेवून झाल्यावर त्या गुडघा दाखवायला डॉक्टरकडे निघाल्या. जाताना म्हणाल्या, "आजची दुपार तू सांभाळ. जमलं तर बघू. नाही तर महिनाअखेर दुकान विकून टाकू, मला आता उभं राहवत नाही."

शिवणकाम सोडून तीन वर्षं मी डंपलिंगच्या पारीला अठरा चुण्या घालायला शिकत होते. विकून टाकू म्हणे!

नवरा गल्ल्यावर बसतो. याच हॉटेलात लहानाचा मोठा झाला, पण ओट्याकडे कधी फिरकला नाही. अकराला मी पीठ मळून वळते तर पातेलं शेगडीवर आणि सूप खदखदतंय.

"अरे, हे काय केलंस?"

"गोठून बसलं होतं गं. म्हटलं, तेवढीच तुला मदत."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ओरडायलाही वेळ नव्हता; ते मी संध्याकाळसाठी राखून ठेवलं. बाराला दार उघडायचं होतं. होती नव्हती ती सगळी पसरट ताटं काढली, प्रत्येकात बोटाच्या पेराएवढंही नाही इतकं सूप ओतलं आणि खाली कोल्ड्रिंकचा सगळा बर्फ पसरला.

"वारा घाल," मी म्हटलं. त्याने मेनूकार्ड उचललं. एकाच पदार्थाचं मेनूकार्ड, अखेर कामी आलं.

पावणेबाराला बोट लावून पाहिलं. जेली! मग मी अशी बांधत सुटले की विचारू नका.

साडेबाराला सासूबाई आल्या त्या थेट गिऱ्हाइकाच्या टेबलाशी बसल्या. डंपलिंगची टोपली मागवली. एक डंपलिंग मानेला धरून उचललं, निरखलं, कोपरा चावला, सूप ओढलं. फुटलं नाही, सांडलं नाही. मग त्यांची नजर ओट्यावरच्या ताटांकडे गेली.

"पातेलं कुठंय?"

"जेली वितळली होती, आई."

"मी वितळवली!" नवरा गल्ल्यावरून ओरडला. एवढा खरेपणा आहे बाकी त्याच्यात.

"मग ही कधी झाली?"

"अर्ध्या-पाऊण तासात. ताटात पातळ ओतली, खाली बर्फ."

सासूबाईंनी उरलेलं डंपलिंग तोंडात टाकलं. "म्हणजे चाळीस वर्षं मी पाचला येतेय ते उगाच? आधी कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही सुपाला हात लावू दिला असतात, तर बोलले असते," माझ्या तोंडून निघून गेलं. नवऱ्याने डोळेच मिटले.

सासूबाईंनी पर्स उघडली, किल्ली काढली आणि व्हिनेगरच्या बाटलीशेजारी ठेवली.

"उद्या तू उघड. मी नऊपर्यंत झोपणार आहे. आणि अजून एक टोपली आण, एकीने काय होतंय?"

"बघ," नवरा कानाशी कुजबुजला, "मी गरम केलं म्हणून!"

संध्याकाळी ओरडायचं ते राहूनच गेलं.