माझी दांडी बांधू नका

मी एक जुनी गवत कापायची मशीन आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, राग नाही. भंगार म्हणाल तर मात्र ऐकून घेणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हाच माझ्यात एक नियम बसवला होता. हँडलवरची दांडी दाबून धरली, तरच माझं इंजिन चालतं. ती सोडली की तिथून इंजिनापर्यंत गेलेली केबल सैल पडते, ब्रेक लागतो आणि पातं थांबतं. बारा वर्षं मी हा नियम मोडला नाही. अंगणातलं गवत असं कापायचे की शेजारी कुंपणावरून बघत राहायचे.

पुढे मला उघड्यावर ठेवू लागले. केबलच्या नळीत पाणी शिरलं, आतली तार गंजली, दांडी जड झाली. तेव्हा घरातल्या भाऊंनी काय करावं? हात दुखतो म्हणून दांडी सुतळीने करकचून बांधली! मग वाटेतला दगड उचलायला ते पुढे गेले, चप्पल तिथेच निसटली, आणि मी आपली उतारावरून पुढे चालतच राहिले. पाण्याचा पाइप कापला. चपलेचा चुरा केला. पाय तिच्यात नव्हता, ही देवाची कृपा.

“पिसाळलीय ही!” भाऊ ओरडले. “परवा भंगारवाल्याला देऊन टाकतो.”

मी पिसाळले? आणि बांधलं कुणी मला?

भाऊंची थोरली बहीण दारात उभी होती. तिचा एक नेम होता. रोज घरातली एक बिघडलेली वस्तू नीट केल्याशिवाय ती चहा घेत नसे. तिने सुतळी सोडली आणि हळूच म्हणाली, “उद्या हिची पाळी.”

सकाळी तिने आधी इंजिनाच्या प्लगची टोपी काढली, म्हणजे मी चुकून सुरू होणार नाही. केबल सोडवून खिळ्याला टांगली, वरून तेलाचे थेंब सोडले. तार हलली खरी, पण टोकाशी तिचे पदर तुटले होते. नवी आणायला हवी. ताईने माप घेतलं ते फक्त नळीचं. दोन्ही टोकांना बाहेर आलेली तार मोजायची राहिली. नवी केबल वीतभर आखूड निघाली. बसवली तर इतकी ताठ, की दांडी सोडूनही ब्रेक लागेना.

दुसऱ्या सकाळी भाऊ हसले, “ताई, कालपासून चहा नाही. डोकं दुखत असेल.”

“दुखतंय. म्हणून नेम मोडू?”

या वेळी ती जुनी केबलच घेऊन दुकानात गेली आणि नवी तिच्या शेजारी लावून पाहिली. परत येऊन ती बसवत होती, तोवर भंगारवाला फाटकात हजर.

“जरा थांबा,” ताई म्हणाली. तिने प्लगची टोपी लावली, दांडी धरली, दोरी ओढली. मी गुरगुरले. पुन्हा ओढली. मी अशी गरजले की भाऊ दोन पावलं मागे सरले! मग तिने दांडी सोडली.

एक. दोन. तीन. पातं गप्प.

“ही भंगारात?” भंगारवाला म्हणाला. “द्या, माझ्याच अंगणातलं गवत कापतो.”

“नाही द्यायची,” भाऊ पुटपुटले आणि आत वळले. “ताई, चहा ठेवतो. साखर किती?”

“इतकी वर्षं झाली, अजून विचारतोस?”

मित्रांनो, मला आडोशाला ठेवा, केबलला अधूनमधून तेल द्या. तेवढंही नाही जमलं तर कुरकुरत चालेन. पण माझी दांडी बांधू नका. ताईने कोरड्या घशाने तिचा नेम पाळला. मलाही माझा पाळू द्या.