आत हवा न शिरणारी पेटी

टेबलावरचा पूल खेळणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य क्यू, म्हणजे खेळायची लांब काठी, सांभाळण्यात जातं आणि उरलेलं अर्धं त्या क्यूची पेटी सांभाळण्यात. खेळायला वेळ मिळतो तो या दोन्हींतून चोरून. आपल्या जावईबापूंचं तरी असंच चाललं होतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या क्लबात जाऊन पूल खेळायचा, एवढाच त्यांचा संसाराबाहेरचा उद्योग. पण पेटीने त्यांना जेरीस आणलं होतं.

पहिली पेटी कापडी होती. तिची चेन आतल्या अस्तराचा घास घ्यायची आणि सोडायची नाही. दुसरी कडक प्लास्टिकची होती. तिचा पट्टा कुठल्या शहाण्याने लावला होता देव जाणे, पण खांद्याला अडकवली की वरचं टोक कानाशी यायचं आणि खालचं गुडघ्याच्या मागे बसायचं. एकदा दुकानात ते नुसते "काय हवंय?" म्हणून वळले तर चष्म्यांची एक अख्खी रांग खाली आली. तिसरी पेटी दिसायला गरीब होती. भिंतीला टेकवून ठेवली की आपण पाठ फिरवेपर्यंत ती निमूट उभी राहायची, आणि मग आडवी पडायची. तिच्या आवाजाने क्लबातल्या मंडळींचे नेम चुकायचे. शिव्या मात्र जावईबापूंना बसायच्या.

"घरात एवढा मोठा पेटीवाला बसलाय आणि तुम्ही बाजारातला कचरा विकत आणताय," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण त्याहून जास्त काळजी होती.

पेटीवाला म्हणजे तिचे वडील. जन्मभर त्यांनी वाद्यांच्या पेट्या बनवल्या. व्हायोलिनच्या, बासरीच्या, तुताऱ्यांच्या. लाकूड तासून, आत मखमल चिकटवून अशी पेटी करायचे की आत हवा शिरायची पंचाईत. त्यांच्याकडून पेटी नेलेला एकही माणूस कधी तक्रार घेऊन परत आला नव्हता. त्यांतला कुणी पुन्हा वाजवतानाही दिसला नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. कारखाना बंद झाला, हत्यारांची ट्रंक लेकीच्या घरी पलंगाखाली गेली आणि म्हातारा गॅलरीतल्या खुर्चीत समोरच्या भिंतीकडे बघत बसला. वाढलं तेवढं जेवायचा, "पुरे" म्हणायचा आणि पुन्हा भिंत. बोलका माणूस असा मुका झालेला बघून लेकीचा जीव तुटायचा. तेव्हा एका संध्याकाळी तिने नवऱ्याला ढकलतच गॅलरीत पाठवलं.

"ही काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"क्यू, बाबा. पूल खेळायची."

"वाजते कशी?"

"वाजत नाही. हिने टेबलावरचे बॉल ढकलायचे."

सासऱ्यांनी जावयाकडे असं पाहिलं की लेकीच्या नशिबाचा सगळा हिशेब त्या नजरेत आला. पण क्यू मात्र त्यांनी हातात घेतली. बोटांनी चाचपली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली. मधल्या जोडावर येऊन बोट थांबलं.

"इथे काय झालंय?"

"मधून उघडते. दोन तुकडे करून न्यायला सोपी."

"तुकडे झालेली वस्तू मी पेटीत घालत नाही," सासरे म्हणाले आणि हत्यारांची ट्रंक मागितली.

त्यानंतरचे दिवस घराला फार चांगले गेले. गॅलरीभर भुसा झाला. सासरे गुणगुणायला लागले, आमटी अळणी आहे म्हणून लेकीवर खेकसले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. लेक स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली. हात थरथरायचे तेव्हा सासरे ते मांडीखाली दाबून बसायचे, आणि थांबले की पुन्हा रंधा धरायचे. शेवटी पेटी तयार झाली. माणसाच्या खांद्याएवढी उंच, मनगटाहून थोडी जाड, गोल गुळगुळीत लाकडी नळी. फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून खालच्या टोकाला कातड्याची बोंडी. सासऱ्यांनी वरून अख्खी क्यू आत सोडली, टोपण लावलं आणि दाबलं. फुस्स् करून आतली उरलीसुरली हवा बाहेर गेली.

"झालं," ते म्हणाले. आणि खरंच झालं. ते टोपण पुन्हा निघालं नाही.

जावईबापूंनी ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. बायकोने एक टोक धरलं, त्यांनी दुसरं, आणि बेडरूमचं दार लावून दोघं रस्सीखेच खेळली. त्यात कपाटाचं दार निखळलं, पेटी जशीच्या तशी. साबण झाला, तेल झालं, केस वाळवायच्या मशीनची गरम हवा झाली. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. या पेटीचं नाक दोघांनी मिळून दाबलं, पण तिने हूं की चूं केलं नाही.

"करवत आणू का?" जावईबापूंनी हळूच विचारलं.

"आधी माझ्या मानेवर चालवा," बायको म्हणाली.

शेवटी त्यांनी धीर करून सासऱ्यांनाच विचारलं, "बाबा, ही उघडायची कशी?"

सासऱ्यांचा चेहरा एकदम उतरला. "उघडत नाही?" ते म्हणाले आणि आपल्या हातांकडे बघायला लागले. मग ते हात त्यांनी शालीखाली लपवले.

"छे हो! लोण्यासारखी उघडते," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "म्हटलं, तुमची काही खास पद्धत असेल."

"मग ठीक," सासरे म्हणाले, आणि हात शालीबाहेर आले. दाराआड उभ्या असलेल्या बायकोने त्या रात्री नवऱ्याला बजावलं, "त्यांना कळता कामा नये. ही पेटी फसली असं कळलं तर ते पुन्हा हत्याराला हात लावणार नाहीत. मी ओळखते त्यांना."

तेव्हापासून जावईबापू रोज ती बंद पेटी खांद्यावर टाकून क्लबात जायचे, ती कोपऱ्यात उभी करायचे आणि क्लबच्या सामायिक काठीने खेळायचे. खांद्यावर आडवी टाकलेली पेटी लिफ्टमध्ये मावायची नाही म्हणून जिना चढायचे. शेजारी विचारायचे, पडद्याचा दांडा का? ते हो म्हणायचे. आणि गंमत अशी की आयुष्यात पहिल्यांदाच ते क्लबच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचले. समोर होते दातांचे डॉक्टर. दर वर्षीचा चषक त्यांच्या दवाखान्यात, चुळा भरायच्या पेल्यांशेजारी ठेवलेला असायचा. पेशंटला तोंड उघडून तासभर तोच बघावा लागायचा.

सामन्याच्या दिवशी जावईबापू क्लबची काठी घासूनपुसून तयार झाले आणि तेवढ्यात जिन्यात बायको दिसली. तिच्या दंडाला धरून इस्त्रीच्या शर्टातले सासरे चढत होते. कित्येक महिन्यांत घराबाहेर न पडलेला माणूस.

"म्हणाले, पेटी कशी वागते ते बघायचंय," बायको कानात पुटपुटली. "मी तरी काय करू?"

सासरे खुर्चीत बसले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, "जावईबापू, पेटी कुठाय?"

इकडे आड तिकडे विहीर. जावईबापूंनी क्लबची काठी टेबलाखाली सरकवली, कोपऱ्यातली पेटी उचलली आणि सरळ टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"काढा क्यू," पंच म्हणाले. पंच म्हणजे क्लबचे मॅनेजर.

"हीच क्यू," जावईबापू म्हणाले.

"ही पेटी आहे," डॉक्टर म्हणाले.

"आत क्यू आहे."

"मग बाहेर काढा ना."

"मी हिनेच असा खेळतो," जावईबापू म्हणाले आणि डोळ्यांनीच सासऱ्यांकडे खूण केली. पंचांना खूण कळली नाही, पण त्यांना नियमांचं वेड होतं. त्यांनी भिंतीवरची नियमावली वरपासून खालपर्यंत वाचली. काठी एवढ्याहून आखूड नसावी. ही नव्हती. टोकाला कातडं असावं. हिला होतं, चांगलं बोंडीभर होतं. क्यूला लाकडी कव्हर घालून खेळू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"चालेल," पंच म्हणाले. डॉक्टरांचं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ मिटलं नाही.

मग तीन डावांचा जो सामना झाला तो बघणाऱ्यांनाच ठाऊक. बोटांच्या बेचक्यात पेटी मावेना, म्हणून जावईबापूंनी ती मनगटावर टेकवली आणि फरशी पुसायच्या दांड्यासारखी ढकलली. पांढरा बॉल सुसाट सुटला. पेटीच्या वजनाने बॉल असे उधळले की चार दिशांना चार गेले आणि त्यातला एक लाजत लाजत पॉकेटात पडला. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. डॉक्टर इतके हबकले की सोपेसोपे नेम चुकले आणि पहिला डाव चक्क जावईबापूंनी घेतला. दुसऱ्यात डॉक्टर सावरले.

सासऱ्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते. ठोका पडला की कान टवकारायचे आणि आत काही हललं का ते ऐकायचे. काही हलत नव्हतं. ते समाधानाने मान डोलवायचे. मध्येच डोळे उघडून त्यांनी डॉक्टरांच्या हातातली उघडी क्यू पाहिली आणि लेकीला म्हणाले, "चांगला शिकलेला दिसतोय गं. पण बिचाऱ्याकडे पेटी नाही."

दुसऱ्या डावात काळा बॉल तेवढा राहिला आणि पाळी आली जावईबापूंची. हा पडला तर चषक आपला. घाम हाताला सुटला होता, आता तो डोक्यातही चढला. त्यांनी पेटी जोरात मागे खेचली, आणि सोड्याची बाटली फुटावी तसा फट्कन आवाज झाला. टोपण उडून पंचांच्या पोटावर आपटलं. मागोमाग क्यू सुर्रकन बाहेर आली, फरशीवरून घसरत गेली आणि सासऱ्यांच्या चपलांशी थांबली. हातातली रिकामी पेटी पांढऱ्या बॉलला नुसती हुंगून गेली. डॉक्टरांनी पुढे होऊन काळा बॉल सहज घातला. दोघांचा एकेक डाव झाला. आता तिसरा आणि शेवटचा.

पण टेबलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सासरे खाली वाकून क्यूकडे बघत होते.

"उघडली," ते म्हणाले. "माझी पेटी उघडली." त्यांची बोटं थरथरायला लागली. बायकोने ओठ दातांखाली धरला.

जावईबापू धावत गेले आणि त्यांनी क्यू उचलली. इतक्या दिवसांनी ती हातात आली होती. हलकी, सरळ, ओळखीची. बोटं आपोआप जागेवर बसली. मागे पंच शेवटच्या डावाचे बॉल लावत होते. ही हातात असताना आज डॉक्टरांना ते हरवणार, हे त्यांना भूक लागल्यासारखं स्पष्ट कळत होतं.

"कापड कमी पडलं असणार," सासरे स्वतःशीच म्हणाले. "टोपणाकडे. थोडं आणखी भरायला हवं होतं." मग त्यांनी मान वर केली. "पण काठी असल्याशिवाय माप कसं घेणार?"

प्रश्न साधा होता. लाजत विचारलेला. जावईबापूंनी टेबलाकडे पाहिलं, चषकाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याने पुढे केलेल्या त्या थरथरत्या हाताकडे पाहिलं.

"घ्या बाबा," ते म्हणाले. "मला वाटतच होतं. जरा सैलच झाली होती."

"मग आधी बोलायचंत की!" सासरे कडाडले. "सैल पेटी घेऊन हिंडताय गावभर! माझं नाव खराब करायला!" क्यू आणि पेटी काखोटीला मारून ते उठलेसुद्धा. "चल गं," ते लेकीला म्हणाले, "दुकान बंद व्हायच्या आत मखमल घ्यायला हवी." आणि सामन्याचा निकाल न बघताच, कठड्याचा आधार न घेता ते जिना उतरून गेले. बायकोने वळून नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. तेवढ्यावर जावईबापू शेवटचा डाव क्लबच्या काठीने खेळले आणि सपशेल हरले.

घरी पोचले तेव्हा गॅलरीत दिवा लावलेला होता. भुशाचा वास येत होता. सासऱ्यांच्या तोंडात दोरा होता, मांडीवर मखमलीच्या चिंध्या होत्या. क्यू पेटीत गेलेली होती आणि टोपण अर्धवट बसलेलं होतं.

"जिंकलात?" बायकोने दारातच विचारलं.

"नाही."

त्यांच्या खांद्यावरचा घाम तिने पदराने पुसला.

"जावईबापू!" गॅलरीतून हाक आली. "आलात का? या जरा इकडे. माझ्या एकट्याच्या हाताने दाबलं जात नाही."

जावईबापू बाह्या सरसावून गेले. सासऱ्यांनी पेटी दोन्ही पायांत धरली, जावयाने टोपणावर दोन्ही तळवे ठेवले, आणि अंगात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून त्यांनी ते दाबलं. आतली हवा संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.