शतेवीचा कान

"मी पिणार नाही," हाज मुस्लेह म्हणाला आणि कॉफीचा पेला त्याने लोखंडी टेबलावर, पान्यांच्या शेजारी आपटला.

गॅरेजवाल्या शतेवीला शब्द ऐकू आले नाहीत, पण पेला खाली गेलेला दिसला. करक शहरात जन्मलेल्या माणसाला तेवढं पुरतं. पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं असतं, आणि यजमानाने "प्या, मान्य आहे" म्हणायचं असतं. काय मागितलंय ते त्यानंतर विचारायचं.  शतेवीने चिंधीला हात पुसले आणि पुन्हा पुसले.

"ऐकलंस का?" म्हातारा आता ओरडला, त्यामुळे ऐकू आलं. "शुक्रवारी आमच्या बैठकीत यायचं आणि सगळ्या भावकीसमोर सांगायचं की माझी गाडी तू बिघडवलीस!"

"गाडी न बघताच सांगू?"

"बघ की! डोळे फुटलेत? वसंतात तुझ्याकडनं नेली. तेव्हापासून चढावर हिचा दम जातो, उभी केली की हिंव भरल्यागत थरथरते. आणि मागच्या महिन्यात उतारावर ब्रेक असा दगड झाला की दोन्ही पाय देऊन दाबला तरी हलेना. कड्यावर आदळली! मागे भरलेल्या अकरा मेंढ्या मेल्या माझ्या."

"मेंढ्यांचं वाईट झालं."

"मेंढ्या गेल्या खड्ड्यात! माझे पोरगे म्हणतात, गाडी ठणठणीत आहे, बाबा, तुमच्याच पायातला जोर गेलाय. किल्ली काढून घेतली माझी. साठ वर्षं खोऱ्यातनं वर-खाली केलं, आणि आता मी मागच्या सीटवर बसायचं, सुनांच्या पिशव्या मांडीवर घेऊन! आज धाकट्याच्या सदऱ्यातनं किल्ली चोरून आलोय. हजला जाऊन आलेला माणूस चोरी करतोय, तुझ्यापायी."

एवढी आरडाओरड झाल्यावर शेजारचा वेल्डर जिर्यिस न येता तरच नवल. भांडण म्हटलं की हा माणूस तापलेलं लोखंड टाकून येतो. मुखवटा डोक्यावर सारून तो दाराला टेकला आणि म्हणाला, "हाज, कुणाशी बोलताय ते बघा. सगळं करक ह्याला 'कान' म्हणतं."

"कापून टाका म्हणावं," हाज म्हणाला.

'कान' हे नाव फुकट मिळालेलं नव्हतं. खिळ्यावर टांगलेली हातभर लांबीची जाड रबरी नळी एका टोकाने कानाला लावायची, दुसरं टोक इंजिनभर फिरवायचं आणि सांगायचं: इथे. तीस वर्षं शतेवीने एवढंच केलं. अकाबा बंदराहून ट्रक यायचे. कानाकडचं टोक घासून घासून गुळगुळीत झालं होतं. मात्र गेली दोन वर्षं नळीतून काहीही येत नव्हतं. उजवा कान आधी गेला, मग डावा निम्मा. घरी बायको ओरडून बोलायची, आणि बाहेर एक अवाक्षर काढणार नाही अशी तिने शपथ घेतली होती. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राही, लोक हसले की हसे आणि नळी कानाला लावून डोळे मिटे. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण आणणार? दुकान बंद पडलं तर या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

त्याने इंजिन चालू केलं. पत्र्यावर तळवा ठेवला. थरथर उमटत होती, मध्येच एक ठोका चुकत होता. कुठूनतरी वारा आत जात होता एवढं हातालाही कळलं. त्याने सवयीने नळी काढली, कानाला लावली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतंय?" हाजने विचारलं. शतेवीने डोळे उघडले नाहीत. "अरे, काय म्हणतंय म्हणून विचारतोय!"

"थांबा की जरा!"

"थांबतो. शुक्रवारपर्यंत थांबतो." म्हाताऱ्याने टायरवर बैठक मारली, डबी काढली आणि मांडीवर तंबाखू पसरून सिगारेट वळायला घेतली. कागद इतका पातळ की त्यातून बोट दिसावं.

शतेवीची नजर त्या कागदावर खिळली.

"एक कागद द्या इकडे."

"आता धूर काढणार? आधी गाडी बघ, मग झुरके मार!"

"द्या म्हणतोय ना!"

कागद चिमटीत धरून तो इंजिनावर वाकला. कार्ब्युरेटरच्या बुडाशी कागद पंख्याच्या वाऱ्याने नुसता फडफडला. बाजूच्या बारीक नळ्यांपाशीही तेच. मग तो इंजिनकडून ब्रेकच्या डब्याकडे जाणाऱ्या जाड नळीच्या खाली आला, आणि कागद एकदम तिच्या पोटाला चिकटला. शतेवीने ती जागा मुठीत दाबली. इंजिनची थरथर जागच्या जागी थांबली.

"इथे," तो म्हणाला. खूप दिवसांनी खरं खरं म्हणाला. "नळी फाटलीय. इंजिन जी हवा ओढतं तिच्याच जोरावर ब्रेक हलका चालतो. इथून फुकटची हवा आत जातेय. म्हणून इंजिनला दम नाही अन् ब्रेकला जोर नाही."

इंजिन बंद करून त्याने नळी काढली. फाटलेल्या जागी पांढरट लिबलिबीत थर होता. जिर्यिसने नाक जवळ नेलं आणि खो खो हसत सुटला. "साबण! हाज, अहो साबण? गळक्या टाकीला चोळता ते ठीक, इथे कुणी लावतं का? साबणाने रबर खाल्लं आणि वर बिचाऱ्या कानावर आळ! शुक्रवारी मी येतो बैठकीत, हे मी सांगतो!"

हाजचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच तो म्हातारा दिसला. हातातली सिगारेट अर्धीच वळलेली राहिली.

"फुसफुस होत होती," तो पुटपुटला. शतेवीने त्याच्या ओठांवरून वाचलं. "बारीक. साप बसल्यासारखी. घरी पोचलो त्याच दिवशी ऐकली."

"कोणत्या दिवशी?"

"तुझ्याकडनं नेली त्याच दिवशी. म्हटलं, शतेवीच्या कानाखालून गेलीय, म्हणजे असायचीच असेल. पुढे वाढली तेव्हा चोळला साबण."

जिर्यिस अजून हसतच होता. शतेवी मात्र नळी उलटीसुलटी करून बघत होता. टोकाला आवळायच्या पट्टीऐवजी तार बांधलेली होती, तीन वेढे, गाठ डाव्या बाजूला. डावखुऱ्याची गाठ, शतेवीची. ती तार त्याने स्वतः आवळली होती, जास्तच आवळली होती, आणि रबर बरोबर तारेखालून चिरत गेलं होतं. त्या दिवशी त्याने ऐकायची नळी कानाला लावून, डोळे मिटून, "साफ आहे, घेऊन जा" म्हटलं होतं.

काहीच बोलायची गरज नव्हती. साबण सापडला होता, साक्षीदार हसत होता. म्हातारा आता उठेल, घरी जाईल आणि मरेपर्यंत मागच्या सीटवर बसेल. शतेवीला या माणसाचा मनापासून राग आला होता, पेला आपटला तेव्हापासून आला होता, आणि अजूनही तो ओसरला नव्हता.

"साबणाने नाही फाटली," तो म्हणाला. "माझ्या तारेने फाटली. ही गाठ माझी आहे. ती फुसफुस मला ऐकू आली नाही, हाज. मला ऐकूच येत नाही. दोन वर्षं झाली."

जिर्यिसचं हसू तोंडातच राहिलं.

"प्या," शतेवीने पेल्याकडे बोट केलं. "मान्य आहे."

हाज मुस्लेहने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती आणि आभार तर नव्हतेच. "बहिरा आहेस तर पाटी लाव दारावर! माणसं मरतील एखाद्या दिवशी." मग त्याने गार झालेली कॉफी एका घोटात संपवली आणि आणखी नको म्हणून पेला हलवून परत दिला. "शुक्रवारी. दुपारच्या नमाजानंतर. आणि मोठ्याने सांगायचं, मागच्यांनाही गेलं पाहिजे."

त्या मापाची नळी दुकानात नव्हती. शतेवीने आपली ऐकायची नळी उचलली, इंजिनवर धरून माप घेतलं, आणि सुरीने गुळगुळीत टोकाकडूनच कापली. ती चपखल बसली. या वेळी त्याने जिर्यिसकडून दोन पट्ट्या मागून घेतल्या. इंजिन चालू करून पत्र्यावर तळवा ठेवला तेव्हा हाताखाली एकसारखी घरघर होती.

हाजने ब्रेक दोनदा दाबून बघितला आणि स्वतः चालवत गाडी रस्त्याला लावली. मागे वळून बघितलं नाही.

जिर्यिस दारातच उभा होता. त्याचे ओठ हलले. शतेवीने नेहमीसारखी मान डोलवायला घेतली आणि थांबला. मग डावा कान पुढे करून तो म्हणाला, "मोठ्याने बोल. या बाजूने."