तोंडाकडे बघायचं

विजयाबाईंचा राग शाळेत प्रसिद्ध होता. पोरींनी दंगा केला तर त्या एकदा डोळे वटारून मोकळ्या होत, पण कुणी एखाद्या मुलीला 'ढ' म्हटलं की त्यांचा तोल जाई. मग समोर हेडमास्तर असोत की आणखी कोणी. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं, तेव्हा भावाच्या जिवावर बसून खायचं नाही म्हणून त्या शिकल्या, आणि खासगी बाजार या पेठेच्या मागे मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागल्या. तिथंच त्यांच्या चौथीच्या वर्गात वनमाला आली.

आली म्हणजे ढकलली गेली. "हिला नुसती बसवून ठेवा, डोक्यानं मंद आहे," असं आधीच्या बाईंनी सांगितलं होतं. त्या बाईंच्या वर्गात दोन वर्षं ती मागच्या भिंतीशी बसून खडूचे तुकडे रंगांप्रमाणे लावत असे.

एकदा बाहेर शाळेची घंटा वाजली. सगळ्या पोरी उठल्या. वनू उठली नाही. तिनं आधी इतरांना उठताना पाहिलं आणि मग लगबगीनं उठली. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पाठीमागून हाक मारली. पोर ढिम्म. मग त्या तिच्यापुढे जाऊन बसल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "पाटी आण." वनू उठली आणि पाटी घेऊन आली.

ही पोर मंद नव्हती. बहिरी होती, आणि कुणी न शिकवता माणसांच्या ओठांवरून बोलणं वेचत होती.

तिचे वडील संभाजीराव फौजेतून निवृत्त होऊन दाना ओली नावाच्या गल्लीत राहत होते. त्यांना बाईंनी बोलावून घेतलं, तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "सात सालची असताना बडा ताप आला बाई. त्या तापात हिची आई गेली, आणि हिचे कान गेले. मालूम होतं मला. पण बहिरी म्हटलं की पुढं हिचा रिश्ता कोण करणार? मंद म्हणोत, ते चालेल."

चालेल म्हणे! बाईंनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

मग त्यांनी वर्गच उलटापालटा केला. आपलं टेबल खिडकीसमोर नेलं, म्हणजे उजेड त्यांच्या तोंडावर पडेल. वनूला पहिल्या रांगेत आणलं. फळ्यावर लिहिताना तोंडातून शब्द काढायचा नाही, वळून उभं राहायचं आणि मग बोलायचं, अशी सवय लावून घेतली. पोरींना सांगितलं, वनूशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा. वनूचा आवाज फार चढला की बाई तळहात हळूच खाली आणत, आणि आवाज उतरे. वनूला तर एकच धडा होता. "तोंडाकडे बघायचं. कुणीही बोलो, खाली बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं." तो धडा एवढा मुरला की साऱ्या चौथीच्या पोरी घरीदारी माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागल्या, आणि कुणाकुणाच्या आयांनी त्याबद्दल तक्रारही केली.

वर्षभरात वनू वाचायला लागली, हिशेब करायला लागली, शेजारच्या पद्माशी भांडायलाही लागली. फक्त हेडमास्तरांपुढे तिचं काही चालत नसे. त्यांच्या मिशा एवढ्या भरघोस की त्यातून एक अक्षर बाहेर दिसत नसे. मिशांवाला माणूस दिसला की ती दोन पावलं पुढे जाऊन मान वर करून निरखून बघे. बाईंना हसू येई. पुढे ते आठवलं की त्यांना रडू येई.

याच हेडमास्तरांनी एकदा बाईंना बोलावून घेतलं. "इन्स्पेक्टर येताहेत. मुलगी बहिरी आहे असं त्यांना कळलं, तर नाव कमी करावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

बाईंनी वनूला समोर बसवलं आणि दुसरा धडा दिला. "कुणाला कळू द्यायचं नाही. समजलं नाही तर 'पुन्हा सांगाल का?' असं अदबीनं विचारायचं. पण कळू द्यायचं नाही."

इन्स्पेक्टर आले. वर्गातून फिरता फिरता त्यांनी मागूनच विचारलं, "चंबळ कुठल्या नदीला मिळते?" पद्मानं पायानं वनूचा पाय दाबला. वनू गर्रकन वळली, उभी राहिली आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पुन्हा सांगाल का, साहेब?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि तिनं उत्तर दिलं. जाताना साहेब म्हणाले, "ही मुलगी फार लक्ष देऊन ऐकते." बाईंनी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

वनू सातवी झाली. पंधरावं सरलं, आणि संभाजीराव बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. जवळच्या मुरार गावचे जहागीरदार जयसिंहराव यांच्या धाकट्या मुलासाठी मागणी आली होती. एवढं मोठं घर संभाजीरावांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

"त्यांना सांगितलंत का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"सांगा. लपवून पोरीचं भलं होणार नाही."

"आणि सांगितल्यावर कोण उभं राहील दारात? बाई, तुम्ही इन्स्पेक्टरला कळू दिलं होतं का?"

मुलगी पाहायला मंडळी आली, तेव्हा वनूची मावशी म्हणून बाईच तिच्या शेजारी बसल्या. बाजूनं कुणी बोललं की त्या तिचा हात दाबत आणि वनू मान वळवून त्या माणसाच्या तोंडाकडे बघे. तिनं एकूण एक प्रश्नाला उत्तर दिलं. "पोरगी धीट आहे, जवाब साफ देते," असं होणारी सासू म्हणाली. बाईंना अभिमान वाटला. खरंच वाटला, आणि तेच वाईट झालं.

लग्न लागून सासरी निघताना वनू बाईंच्या गळ्यात पडली. बाईंनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून सावकाश सांगितलं, "तोंडाकडे बघायचं. आणि कुणाला कळू द्यायचं नाही."

विजयाबाईंना एवढं सगळं ठाऊक होतं, पण जहागीरदारांच्या घरचा गोषा ठाऊक नव्हता. बाईंच्या स्वतःच्या ब्राह्मणी घरात बायका डोक्यावर पदर घेत, तोंडावर नाही. संभाजीरावांच्या बिनबाईच्या घरातही तसली शिस्त कुणी लावली नव्हती. आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं ते संभाजीराव मोठ्या घराच्या आनंदात होते. मुरारच्या त्या घरात सुनेचा पदर हनुवटीपर्यंत असे. सासऱ्यांपुढे, थोरल्या दिरांपुढे नजर जमिनीला खिळलेली असावी लागे.

वनूनं पहिल्याच दिवशी पदर सारून सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थोरल्या दिरांना मोठ्या मिशा होत्या, म्हणून ती दोन पावलं पुढे गेली आणि मान वर करून निरखून पाहू लागली. सासूनं पदर खाली ओढला. तिनं तो पुन्हा वर केला. "नजर खाली!" सासू ओरडली. ते ओठांवरून कळावं म्हणून वनूनं सासूच्याही तोंडाकडे पाहिलं, आणि थोबाडीत बसली.

ती एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. 'मला ऐकू येत नाही' एवढंच. पण बाईंनी सांगितलं होतं.

दिवाळीच्या आत तिला गाडीत घालून दाना ओलीत आणून सोडलं. "पोरीची नजर चांगली नाही," एवढाच निरोप होता. संभाजीराव धावत मुरारला गेले, पाया पडले, खरं ते सांगितलं. जयसिंहराव हसले. "बहिरी? आमच्यासमोर सगळ्यांना फटाफट जवाब दिले तिनं. आता हा नवा बहाणा काढलात काय?"

बाईंना हे सगळं संभाजीरावांनीच येऊन सांगितलं. बाई तशाच उठल्या आणि शाळा टाकून दाना ओलीत गेल्या.

वनू आतल्या खोलीत बसली होती. घरात बापाखेरीज कुणी नव्हतं, तरी पदर हनुवटीपर्यंत होता. बाईंनी खांद्याला हात लावला. ती दचकली. बाईंनी तिला दाराजवळ आणलं, स्वतःच्या तोंडावर उजेड येईल अशा बसल्या आणि पदर वर केला.

"वनू."

वनूची नजर बाईंच्या पावलांवर होती.

बाईंनी हनुवटीखाली बोट घालून तिचं तोंड वर केलं. तोंड वर आलं, पण तिनं डोळे गच्च मिटून घेतले. गालावर जुना, पिवळा पडलेला डाग होता.

"बाई," ती म्हणाली. आवाज फार मोठा होता, पार गल्लीत ऐकू जाईल इतका. बाईंचा तळहात सवयीनं खाली गेला, पण तो बघणार कोण? "बाई, मी कुणाला कळू दिलं नाही."

"चुकलं माझं, पोरी," विजयाबाई म्हणाल्या. मग आणखी एकदा म्हणाल्या. मग तिचे दोन्ही खांदे धरून, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन, एकेक अक्षर ओठांवर नीट उमटेल असं, पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या.

वनूनं डोळे उघडले नाहीत.